लडाखच्या गोम्पासाठी ४ लाख द्यायचेत, एफडीतनं देऊ का?

नमस्कार ताई,

तुमचा मेसेज दोनदा वाचला. मला समजलं ते असं की मागच्या जूनमध्ये लडाखला गेला होता, तिथं एका जुन्या गोम्पाचं, म्हणजे बौद्ध मठाचं, छत गळून भिंतीवरच्या बुद्धाच्या चित्रावर मातीचे ओघळ आलेले बघितले, ते काही डोक्यातनं जाईना, आणि आता ९ लाखाची एफडी मॅच्युअर होतेय तर त्यातले ४ लाख दुरुस्तीसाठी पैसे गोळा करणाऱ्या ट्रस्टला एकदम द्यायचेत. मिस्टर म्हणतात आपल्या भुईकोट किल्ल्याला काय कमी दुरुस्ती लागतीय का, आणि तुमच्या शाळेतल्या कुणीतरी सांगितलंय की निम्मे पैसे टॅक्समधनं परत येतात.

मिस्टरांचं म्हणणं चूक नाही, पण दान कुठं करायचं ते ज्याच्या मनाला लागलंय त्यानं ठरवायचं. मी किती आणि कसं एवढंच सांगतो. द्या, नक्की द्या, फक्त एकदम देऊ नका.

हे मी तुमच्या पैशाच्या काळजीनं म्हणतोय तेवढंच त्या छताच्या काळजीनं पण म्हणतोय. आमचं बार्शीकडचं घर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. मृगाच्या आधी आजोबा दरवर्षी पांढरी माती आणून माळवदावर पसरायचे, चोपून चोपून बसवायचे, पाणी पन्हाळीकडं जाईल असा उतार काढायचे. ते गेल्यावर चुलत्यांनी तीनेक वर्षं माती टाकलीच नाही आणि चौथ्या वर्षी तुळईच्या टोकाला बोट लावलं तर बोट आत गेलं, इतकं लाकूड कुजलेलं. लडाखची छतं पण आपल्या माळवदाचीच भावंडं, पॉप्लरचे वासे, त्यावर विलोच्या बारीक फांद्या, वर गवत आणि माती. तिथं पाऊसच जेमतेम म्हणून ती शेकडो वर्षं टिकली, पण ऑगस्ट २०१० मध्ये लेहला ढगफुटी झाली तेव्हा मातीच्या घरांचं काय झालं ते सगळ्या देशानं बघितलं. मग घाबरून कुणी वरनं सिमेंट थापतं, ओल आत कोंडते आणि भिंत आतनं भुसभुशीत होते. म्हणजे एकदा मोठा खर्च करून काम संपलं असं इथं होत नाही, दरवर्षी हात फिरवावाच लागतो. देणगी मात्र सगळ्यांना उद्घाटनापुरती द्यायची असते, पाचव्या वर्षीच्या मातीला कुणी पैसे देत नाही. तुम्ही त्या मातीला द्या असं माझं म्हणणं आहे.

लेहजवळच्या बास्गोचं उदाहरण बघा. तिथली जुन्या राजवाड्याच्या टेकडीवरची मैत्रेयाची, म्हणजे पुढं येणाऱ्या बुद्धाची, मंदिरं ढासळायला लागली होती, २००० साली जुन्या वास्तू वाचवणाऱ्या वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेच्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत त्यांचं नाव आलं, गावकऱ्यांनी स्वतः कमिटी करून काम हातात घेतलं, बाहेरनं मदत आणली, आणि २००७ मध्ये त्या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिकमधला वारसा जतनाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. म्हणून ट्रस्टला पहिला प्रश्न हाच विचारा, गावातली माणसं यात आहेत का आणि काम झाल्यावर छत कोण सांभाळणार.

आता हिशोब. तुमचा ४६ आणि मिस्टरांचा १८ असे महिन्याला ६४ हजार येतात, घरखर्च ३८ आणि होमलोनचा हप्ता ११, म्हणजे ४९ हजार ठरलेले. मिस्टरांच्या टॉवेल कारखान्यातल्या नोकरीला पेन्शन नाही, मंदी आली की पाळ्या कमी होतात हे एमआयडीसीत राहणाऱ्याला सांगायला नको. तेव्हा सहा महिन्यांचे ३ लाख हात न लावता बाजूला. मुलीच्या शेवटच्या वर्षाचे दीड लाख. उरले साडेचार, त्यातले ३ लाख ३० हजार मिस्टरांच्या म्हातारपणाचे, यावर माझं मत पक्कं आहे. राहिले १ लाख २० हजार, ते दानाचे. त्याची वेगळी एफडी करा आणि दरवर्षी २४ हजार काढा, सोबत महिन्याला हजाराची आरडी. असे वर्षाला ३६ हजार, पाच वर्षांत १ लाख ८० हजार. ४ लाखापेक्षा कमी आहेत, मला माहितीय तुम्हाला वाईट वाटेल, पण हे पैसे दरवर्षी नक्की पोचतील आणि तुम्हाला कधी कुणापुढं हात पसरावा लागणार नाही.

टॅक्सचं मात्र डोक्यातनं काढून टाका. देणगीवरच्या टॅक्स सवलतीत, जिला ८०जी म्हणतात, ५० टक्के म्हणजे १०० दिले तर ५० उत्पन्नातनं वजा होतात, ५० रुपये परत येत नाहीत, २० टक्क्याच्या स्लॅबवाल्याचे साधारण १० रुपये वाचतात. तेही टॅक्सच्या जुन्या रिजीममध्येच, म्हणजे जुन्या पद्धतीनं टॅक्स भरला तरच. तुमच्या पगारावर नवीन रिजीममध्ये तसाही टॅक्स शून्य आहे, त्यामुळं त्यासाठी रिजीम बदलू नका.

पावती तरीही घ्याच. ट्रस्टकडं ८०जीचं रजिस्ट्रेशन आहे का, आर्थिक वर्ष संपल्यावर देणगीचं सर्टिफिकेट देतात का, मागच्या तीन वर्षांचा ऑडिट रिपोर्ट दाखवतात का हे विचारा, कॅश अजिबात देऊ नका. आणि लेह पॅलेसच्या नावानं कुणी क्यूआर कोड पाठवला तर थांबा, तो नऊ मजली वाडा पुरातत्त्व खात्याकडं आहे. अशा सरकारी वास्तूंसाठी केंद्राचा नॅशनल कल्चर फंड १९९६ पासून आहे, द्यायचेच तर तिथं.

तिकडं काम उन्हाळ्यातच चालतं, त्यामुळं दरवर्षीची रक्कम मार्चमध्ये पाठवा, म्हणजे सीझन सुरू व्हायच्या आत त्यांना माती आणि मजूर ठरवता येतील. आणि पहिल्या वर्षानंतर छताचा फोटो मागवा, चित्राचा नको, छताचाच.

एफडीचं ऑटो रिन्यूअल चालू असेल तर मॅच्युरिटीच्या आधी बँकेत जाऊन बंद करून या, जाताना मिस्टरांना पण घेऊन जा. ट्रस्टचं उत्तर आलं की मला पाठवा, ऑडिट रिपोर्ट मी बघून देतो.