तुमचा वाढदिवस नक्की कधी?

प्रश्न : वडील वारले तेव्हा मी सात वर्षांची होते. त्यांनी स्वतः विकत घेतलेली दोन एकर जमीन आई, दादा आणि माझ्या नावावर लागली. तीन वर्षांनी आईने ती गावातल्याच एकाला विकली. माझ्या वतीने 'अ.पा.क. आई' (अज्ञान पालन कर्ता, म्हणजे लहान मुलाच्या वतीने व्यवहार करणारी पालक) म्हणून तिनेच अंगठा केला. कोर्टाची परवानगी घेतली नव्हती. फेरफाराविरुद्धचं (जमिनीच्या दप्तरात मालक बदलल्याच्या नोंदीविरुद्धचं) माझं अपील दोन वर्षं प्रांतांकडे, म्हणजे महसूल खात्याच्या प्रांताधिकाऱ्यांकडे, पडून आहे. अज्ञानाचा, म्हणजे 18 वर्षांखालच्या मुलाचा, व्यवहार मुळातच रद्दबातल असतो, असं सगळे सांगतात. येत्या 1 जूनला मला 21 पूर्ण होतील. उन्हाळी सुट्टीनंतर दावा लावला तर चालेल का?

उत्तर : 1 जून! शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली ही तारीख निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस आहे. तुम्ही शाळा सोडल्याचा दाखला पाठवलात, पण त्याच पाकिटात ग्रामपंचायतीचा जन्माचा उताराही आहे आणि त्यावर 19 एप्रिल लिहिलंय. तो तुम्ही वाचलेला दिसत नाही. समोरचा वकील वाचेल.

'मुळातच रद्दबातल' हे अज्ञानाने स्वतः केलेल्या कराराबद्दल खरं आहे. मोहोरीबीबी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातल्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयाने) ते 1903 मध्येच सांगून ठेवलंय. इथे सही तुमची नाही, नैसर्गिक पालक म्हणून आईची आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, 1956 च्या कलम 8 प्रमाणे परवानगीशिवाय झालेली अशी विक्री आपोआप संपत नाही. ती तुम्ही रद्द करून घ्यायची असते. त्यासाठी मुदतीच्या कायद्याचं अनुच्छेद 60 सज्ञान झाल्यापासून, म्हणजे 18 पूर्ण झाल्यापासून, तीन वर्षं देतं, म्हणजे एकविसाव्या वाढदिवसापर्यंत. (चुलत्याने विकली असती तर गोष्ट वेगळी होती. त्याला अधिकारच नव्हता, म्हणून तिथे बारा वर्षांचा हिशोब लागतो.)

मुदत सुट्टीत संपली तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दावा दाखल करता येतो, हे तुम्ही बरोबर ऐकलंय. पण 19 एप्रिलला कोर्टाला उन्हाळी सुट्टी नसते. 1 जून धरून बसलात आणि कोर्टाने जन्मनोंद मानली, तर सगळं संपलं. दावा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दाखल झालाच पाहिजे. वकिलाची नोटीस पाठवून मुदत थांबत नाही.

प्रांतांकडे दोन वर्षं का घालवलीत? खरेदीखत रद्द करण्याचा अधिकार महसूल अधिकाऱ्यांना नाही. ते फार तर फेरफाराची नोंद तपासतील. तो काळ मुदतीतून वगळून मिळेल, या आशेवर राहू नका.

दाव्यात काय मागता, तेही तितकंच महत्त्वाचं. नुसता ताबा मागू नका. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे अशाच एका प्रकरणात धाकट्या भावाचा दावा मुदतीत होता, पण खरेदीखत रद्द करण्याची मागणीच त्यात नव्हती. ती नंतर घातली, तोवर मुदत उलटली होती. दावा गेला. म्हणून माझ्या एक तृतीयांश हिश्श्यापुरतं खरेदीखत रद्द करावं, वाटप व्हावं आणि स्वतंत्र ताबा मिळावा, हे तिन्ही पहिल्याच दिवशी लिहा. आईला आणि दादाला प्रतिवादी करावं लागेल. आईला आधी घरी नीट समजावून सांगा, नाहीतर समन्स पाहून ती घाबरेल.

2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असंही म्हटलंय की सज्ञान झाल्यावर मुदतीत स्पष्ट कृतीने व्यवहार नाकारला, तर दरवेळी दाव्याची गरज नाही. तिथे त्या मुलांनी जमीन स्वतःच दुसऱ्याला विकली होती. तुम्ही फेरफाराविरुद्ध अपील केलंय, ते पुरेसं ठरेल की नाही यावर मी पैज लावणार नाही. शिवाय ताबा हवा असेल तर दावा टळत नाहीच.

आईचा हिस्सा गेला, तिला तो विकण्याचा अधिकार होता. दादा आता 26 वर्षांचा आहे, त्याचीही मुदत संपली. तुमचा हिस्सा मिळेलच, असं मी म्हणत नाही. घेणारा म्हणेल की विहिरीचं कर्ज त्याच पैशातून फिटलं. परवानगीची उणीव त्याने भरून निघत नाही, पण कोर्ट काही रक्कम परत करायला लावू शकतं. दादा मोठा असल्याने मुदत आधीच सुरू झाली, असाही मुद्दा समोरची बाजू काढेल. त्याचं उत्तर कागद पाहून द्यावं लागेल.

दुय्यम निबंधक कार्यालयातून खरेदीखताची प्रमाणित नक्कल अजून काढलेली नाही, असं तुम्हीच लिहिलंय. उद्या सकाळी तिथे जा.