‘सर, आता काय करू?’

“मॅडम, माझ्या कंपनीत शंभरावर माणसं आहेत आणि डोकं चालवणारा मी एकटाच.”

लष्करातले हे कंपनी कमांडर माझ्याकडे आले होते झोपेच्या तक्रारीसाठी. रात्री तीन-चार तासांपलीकडे झोप नाही, फोन वाजला नाही तरी वाजल्यासारखा वाटतो. पण पहिल्या भेटीची दहा मिनिटं झाली नसतील, तोच हे वाक्य बाहेर पडलं. हाताखालच्या तरुण अधिकाऱ्यांबद्दलची ही तक्रार गणवेशातल्या अनेकांच्या तोंडून मी ऐकली आहे: पोरं चांगली आहेत, शिस्तीची आहेत, पण स्वतःहून काही ठरवत नाहीत, यांना नेतृत्व शिकवायचं तरी कसं? म्हणून हा अनुभव लिहिते आहे. त्यांची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. आपण त्यांना मेजर म्हणू.

मी त्यांना म्हटलं, अगदी अलीकडचा एखादा प्रसंग सांगा.

रात्रीचा सराव होता. एक लेफ्टनंट आपली प्लाटून, म्हणजे कंपनीतली एक तुकडी, घेऊन निघाला होता. वाटेतल्या ओढ्याला अचानक पाणी आलं, ठरलेल्या जागेवरून उतार मिळेना. रेडिओवर त्याचा आवाज आला, “सर, आता काय करू?” मेजरांनी नकाशावर नजर टाकली, वरच्या अंगाला कुठून ओलांडायचं ते सांगितलं, प्लाटून वेळेत पोहोचली. हे सांगताना त्यांचा चेहरा पहिल्यांदाच जरा सैल झाला.

“उत्तर द्यायला किती वेळ लागला?”

“वीस सेकंदसुद्धा नाही.”

“आणि त्याला स्वतःला काय करावंसं वाटत होतं?”

ते थांबले. बऱ्याच वेळानं म्हणाले, “ते मी विचारलंच नाही.”

मग त्याच सरावाच्या तयारीबद्दल विचारलं. वरून आदेश दुपारी दोनला आला होता, निघायचं होतं रात्री आठला. हातात सहा तास. त्यातले पाच मेजरांनी स्वतःची योजना बिनचूक करण्यात घालवले. वाळूवर जमिनीचा नमुना मांडला, प्रत्येक सेक्शनची, म्हणजे प्लाटूनमधल्या छोट्या तुकडीची, जागा ठरवली, कुठे वळायचं, कुठे थांबायचं, सगळं. सात वाजता आदेश दिले. गंमत म्हणजे यावरचा नियम त्यांना तोंडपाठ होता, कारण तो ते स्वतः शिकवत आले होते: मिळालेल्या वेळातला एक तृतीयांश वरच्यानं वापरायचा, दोन तृतीयांश खालच्यांसाठी सोडायचा. सहा तासांत त्यांचे दोन, लेफ्टनंट आणि सेक्शन कमांडरांचे चार. प्रत्यक्षात त्या पोरांच्या वाट्याला एकच तास आला होता. एका तासात माणूस आदेश लिहून घेतो. विचार करायला त्याला सवड उरत नाही.

नियम माहीत असताना असं का होतं? पहिलं उत्तर अपेक्षित होतं. “चूक झाली तर जाब मला द्यावा लागतो.” हे खरंच आहे, आणि ते खोडून काढणारा सल्ला मी कधी देत नाही. अधिकार खाली देता येतो, जबाबदारी देता येत नाही. पण या उत्तराखाली आणखी काहीतरी होतं, ते तिसऱ्या भेटीत आलं. स्वतः लेफ्टनंट असताना एका सरावात त्यांची गस्त रस्ता चुकली होती. परत आल्यावर वरिष्ठांनी त्यांना जवानांसमोर उभं करून बोलून घेतलं. “माझेच लोक खाली मान घालून उभे होते. त्या दिवशी ठरवलं, माझ्या हाताखालच्या कुणावर ही वेळ येऊ द्यायची नाही.”

हे ऐकलं आणि मला त्यांच्याबद्दल फार आपुलकी वाटली. बाहेरून बघणारा म्हणाला असता, यांना सगळं आपल्याच हातात हवं असतं. आत मात्र माया होती. पोरांचा अपमान होऊ नये म्हणून ते त्यांच्या वतीनं विचार करत होते, आणि दोन वर्षांत पोरांची विचार करायची सवयच सुटली होती.

इतिहास मला त्यांनीच सांगितला. १८०६ मध्ये येना इथं नेपोलियनकडून दारुण हार झाल्यावर प्रशिया या जर्मन राज्यानं आपलं सैन्य मुळापासून बदलायला घेतलं. पुढं तिथल्या मोल्टके या सेनानीच्या काळात ही पद्धत रुजली की वरच्यानं काय साधायचं आणि कशासाठी ते सांगावं, कसं साधायचं हे जागेवरच्या अधिकाऱ्यावर सोपवावं. १९९९ मध्ये अमेरिकी मरीन दलाचे प्रमुख जनरल क्रुलॅक यांनी लिहिलं की साध्या कॉर्पोरलच्या, म्हणजे अगदी खालच्या हुद्द्यावरच्या नायकाच्या, निर्णयाचेही परिणाम थेट राजकारणापर्यंत पोहोचू शकतात, म्हणून घडवायचं ते त्याला. मेजर हे सगळं इतक्या तळमळीनं सांगत होते की मी विचारलं, “हे तुमच्या लेफ्टनंटना कधी सांगितलंत?” सांगितलं होतं म्हणे. तासाभराच्या व्याख्यानात.

आम्ही एक लहानशी गोष्ट ठरवली. कुणी “काय करू?” म्हणून विचारलं, की आधी तीन प्रश्न: तुला काय दिसतंय, तुझ्यापुढं कोणते मार्ग आहेत, आणि तू कोणता घेतोस? मेजरांनी लगेच हरकत घेतली, आणि ती रास्त होती. खरा दारूगोळा वापरात असेल, कुणी जखमी असेल, तर प्रश्न विचारत बसायचं का? मुळीच नाही. तिथं थेट हुकूम. म्हणून त्यांनी एका कागदावर लिहून काढलं: कोणते निर्णय लेफ्टनंटनं स्वतः घ्यायचे, कोणते घेऊन कळवायचे, कोणते विचारल्याशिवाय घ्यायचेच नाहीत. शिवाय आदेश दिल्यावर प्रत्येकानं थोड्या वेळानं परत येऊन आपली योजना आपल्या शब्दांत सांगायची. आदेश पाठ म्हणून दाखवायचा नाही. मी हे असं करणार आहे आणि या कारणासाठी, असं सांगायचं. समज कुठे कच्ची आहे ते निघण्याआधीच कळतं, आणि मेजरांसारख्या माणसाला रात्री त्याचा आधार वाटतो.

पहिला आठवडा वाईट गेला. एक लेफ्टनंट तर गप्पच झाला. कालपर्यंत वीस सेकंदांत उत्तर देणारे साहेब अचानक प्रश्न विचारायला लागले, म्हणजे आपलं काहीतरी चुकलंय किंवा ही परीक्षा चालू आहे, असं त्याला वाटलं. यात चूक माझी होती. बदल काय करायचा हे आम्ही ठरवलं, पण तो पोरांना आधी सांगायचा, हे मी सुचवलं नव्हतं. मेजरांनी मग सगळ्यांना बसवून सरळ सांगितलं की मी काय बदलतोय आणि का. स्वतःची गस्त रस्ता चुकल्याची गोष्टही सांगितली. ती सांगा असं मी म्हटलं नव्हतं. माझ्या मते कामाला खरी सुरुवात तिथून झाली.

सरावानंतरच्या आढाव्याचं दुखणं वेगळं होतं. अमेरिकी लष्करानं १९७० च्या दशकात घडवलेली आणि फोर्ट अर्विनच्या प्रशिक्षण केंद्रात रुळलेली पद्धत त्यांना ठाऊक होती: काय व्हायला हवं होतं, काय झालं, का झालं, पुढं काय टिकवायचं आणि काय सुधारायचं. चारही प्रश्न ते विचारायचे आणि चारहींची उत्तरंही तेच द्यायचे. मी म्हटलं, एकदा नुसतं मोजा. त्यांच्या सुभेदारांनी कोण किती वेळ बोलतं त्याची नोंद ठेवली. पन्नास मिनिटांच्या आढाव्यात एकेचाळीस मिनिटं मेजर! पुढच्या वेळेपासून सर्वांत कनिष्ठ सेक्शन कमांडर आधी बोलू लागला आणि मेजर शेवटी.

त्यावर त्यांना नवी काळजी लागली. “आता चुकाच जास्त कळायला लागल्यात.” तेव्हा मी त्यांना एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधिकेच्या रुग्णालयांतल्या अभ्यासाबद्दल सांगितलं. तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. चांगलं नेतृत्व असलेल्या गटांत औषधांच्या चुका कमी सापडतील अशी अपेक्षा होती. तिथं त्या जास्त नोंदल्या गेल्या. त्यांचा निष्कर्ष असा, की त्या गटांत लोक चूक लपवत नव्हते.

एका सेक्शन कमांडरच्या बाबतीत मात्र हे काहीच लागू पडलं नाही. त्याला नकाशावाचनच धड येत नव्हतं. ज्याला मार्ग दिसतच नाहीत त्याला “तू कोणता घेतोस?” विचारणं म्हणजे छळ आहे. त्याला पंधरा दिवस रोज सकाळी शिकवलं, मग प्रश्न. आणि एक अडचण अजून पुरती सुटलेली नाही: जो माणूस तुमचा वार्षिक अहवाल लिहितो, त्याच्यापुढं मन कितपत उघडं करणार? मेजरांनी शब्द दिला की सरावातली प्रामाणिक चूक अहवालात जाणार नाही. खोटं बोलणं आणि सुरक्षेत हयगय जाईल. शब्द त्यांनी पाळला. तरी पोरांच्या मनात थोडी धाकधूक राहतेच, आणि ती राहणार, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

चारेक महिन्यांनी तसाच रात्रीचा सराव झाला. तोच लेफ्टनंट, पुन्हा वाट अडली. रेडिओ सात मिनिटं गप्प. मेजर म्हणाले, “हातातला सेट टेबलावर ठेवला आणि तंबूबाहेर जाऊन उभा राहिलो. ती सात मिनिटं मला कुठल्याही रात्रीपेक्षा जड गेली.” मग निरोप आला: “मार्ग बदलला आहे, वीस मिनिटं उशीर होईल.” झाला चाळीस. निवडलेली वाट मेजरांनी घेतली नसती. आढाव्यात लेफ्टनंटनं कुणी विचारायच्या आधी सांगितलं, की चढाचा अंदाज माझा चुकला.

शेवटच्या भेटीत झोप साडेपाच तासांवर आली होती. उठता उठता ते म्हणाले, “परवा त्याच्या प्लाटूनबरोबर चाललो होतो. त्याच्या सेक्शन कमांडरनं विचारलं, साहेब, आता काय करू? आणि यानं वीस सेकंदांत उत्तर दिलं.”

“मग?”

“मी काही बोललो नाही. पुढच्या वेळी त्याला तुमच्याकडं पाठवू का?”

मी म्हटलं, आधी तुम्हीच बसा त्याच्याबरोबर. त्या सेक्शन कमांडरला स्वतःला काय वाटत होतं, तेवढं त्याला विचारा.