नवा रंग, जुन्या भेगा

प्रश्न : म्हापशाजवळ तीसेक वर्षांचं दुमजली घर विकत घ्यायचा विचार आहे. भिंती चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या), वर स्लॅब. हॉलच्या गिलाव्यावर जाळीसारख्या बारीक रेषा दिसतात, गच्चीच्या स्लॅबखाली लांब आडवी भेग आहे आणि मागच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली आहे. मालक म्हणतात, लांबी (पुट्टी) भरून रंग मारला की झालं. यातलं काय गंभीर?
– एक वाचक, पर्वरी

उत्तर : जाळीची काळजी करू नका. गिलावा घाईत सुकला की तो असा आकसतो. स्लॅबखालची आडवी भेग बहुधा उन्हाची असते : गच्ची तापून स्लॅब सरकतो, भिंत सरकत नाही. मात्र तिथून पाणी आत येतं का, ते पाहा.

तिरक्या भेगेला खरा वेळ द्या. आधी ती बाहेरच्या बाजूनेही दिसते का बघा. आरपार असेल तर तो गिलाव्याचा दोष नाही. वीतभर जाऊन थांबत असेल, तर लिंटेल (खिडकीवरचा आडवा पट्टा) दोन्ही बाजूंना पुरेसा टेकलेला नसावा. निदान 150 मिलिमीटर टेकण हवं. पण भेग सांध्यासांध्याने जिन्यासारखी जोत्यापर्यंत उतरत असेल किंवा चिराच फोडून जात असेल, तर पाया खचल्याचा संशय घ्या. वर रुंद आणि खाली निमुळती असेल, तर घराचं ते टोक बसतंय असं समजा. रुंदी 5 मिलिमीटरच्या पुढे गेली की इंजिनिअरशिवाय पुढे जाऊ नका. विजेरी तिरकी धरून भेगेत डोकावा. आत जुना रंग, धूळ असेल तर भेग जुनी. चिऱ्याच्या कडा लालबुंद आणि धारदार असतील तर ताजी.

मग त्या खोलीमागे जाऊन उभे राहा. पागोळ्यांचं पाणी भिंतीलगत पडतं का? सेप्टिक टँक खेटून आहे का? जमीन शेत भरून केलेली आहे का? गोव्याच्या पावसात पाया खचण्याची कारणं बहुतेक इथेच सापडतात. दार अडकतं एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका, पावसाळ्यात लाकूड फुगतंच. दार आणि चौकट यांच्यातली फट एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला बंद असेल तर चौकट वाकडी झाली आहे.

भेग हलते आहे का, हे कळायला गिलावा थोडा काढून उघड्या चिऱ्यावर, भेगेला आडवी, 3 मिलिमीटर जाडीची काचेची पट्टी दोन्ही टोकांना एम-सीलने चिकटवा आणि तारीख लिहा. काच तडकली तर हालचाल चालू आहे. शक्य असेल तर पट्टी अख्खा पावसाळा राहू द्या.

आमच्या मते भिंतीपेक्षा खांब अधिक तपासा. खांबाच्या कोपऱ्यातून सळईच्या रेषेत उभी भेग, तांबूस डाग, टोकल्यावर पोकळ आवाज : आत सळई गंजली आहे. गंज सळईपेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट फुटतं. खारं वारं लागणाऱ्या घरात हे फार वेगाने वाढतं. वरून सिमेंट थापलं तर पुन्हा फुटतं. सळईच्या मागेपर्यंत काँक्रीट फोडून, गंज पूर्ण घासूनच दुरुस्ती करावी लागते.

विसार देण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअर तुम्ही स्वतः नेमा, दलालाने सुचवलेला नको. दुरुस्तीचा अंदाज त्याच्याकडून लेखी घ्या आणि ती रक्कम किमतीतून वजा करून बोलणी करा. तोवर मालकाला भेगा बुजवू देऊ नका.