टेस्लाच्या सेल्फ-ड्रायव्हिंगच्या दाव्यांवरून भागधारकांनी केलेला खटला कोर्टाने का फेटाळला?

दावा खरा झाला नाही एवढ्यावरून अमेरिकेत शेअरबाजारातली फसवणूक सिद्ध होत नाही, म्हणून. बोलणाऱ्याला ते खोटं असल्याचं तेव्हाच माहीत होतं आणि खरं बाहेर आल्यामुळेच शेअर पडला, हे भागधारकांना दाखवावं लागतं. त्यात १९९५ च्या कायद्याने "पुढच्या वर्षी गाडी आपोआप चालेल" अशा भविष्याबद्दलच्या विधानांना, सोबत धोक्याची स्पष्ट सूचना असेल तर, संरक्षण दिलंय. फेब्रुवारी २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दाखल झालेला खटला सप्टेंबर २०२४ मध्ये याच अटींवर अडला.

मला या अटी गुंतवणूकदारासाठी फार कडक वाटतात, कारण आतली माहिती त्याला वेळेत मिळतच नाही. टेस्लाचा २०१६ चा व्हिडिओ बघा. सुरुवातीलाच पाटी येते: ड्रायव्हरच्या सीटवरचा माणूस फक्त कायद्यापुरता बसलाय, गाडी स्वतः चालतेय. २०२२ मध्ये, एका अपघाती मृत्यूच्या खटल्यात, कंपनीच्याच अभियंत्याने शपथेवर सांगितलं की मार्ग आधीच ठरवून दिला होता, आणि गाडी आपोआप पार्क होते हे दाखवताना चाचणीची एक गाडी कुंपणावर आदळली होती. सामान्य गुंतवणूकदाराला हे सहा वर्षांनी कळतं!

"होईल" ऐवजी "आहे" म्हटलं की मात्र कायद्याची पकड घट्ट होऊ शकते. निकोला या अमेरिकी ट्रक कंपनीचा ट्रक व्हिडिओत धावताना दिसला, प्रत्यक्षात तो उतारावरून घरंगळत होता. संस्थापक ट्रेव्हर मिल्टनला २०२२ मध्ये ज्युरीने दोषी ठरवलं (२०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली, हा भाग वेगळा).

टेस्लाविरुद्ध ऑगस्ट २०२५ मध्ये टेक्सासात रोबोटॅक्सीवरून (ड्रायव्हरशिवाय चालणारी टॅक्सी) भागधारकांचा नवा खटला दाखल झालाय.