पीएचपी-मायएसक्यूएलची सुरुवात: आधी एवढं सांभाळ

भाऊ, वेबसाइट बनवायला लारावेल शिकू का नोड (दोन्ही त्यासाठीचीच साधनं), हा प्रश्न सध्या बाजूला ठेव. लॅपटॉपवर साधं पीएचपी (वेबसाइटमागचा प्रोग्राम लिहायची भाषा) आणि मायएसक्यूएल (माहिती टेबलांत साठवणारा डेटाबेस) चालव. नेट गेलं तरी काम थांबत नाही.

सगळ्यात आधी टेबल नीट आख. माझं पहिलं काम लातूरच्या मोंढ्यातल्या एका आडत दुकानाचं होतं. मोबाइल नंबर म्हणजे आकडाच की, म्हणून मी कॉलम ठेवला इंटचा, म्हणजे पूर्णांकाचा. दुसऱ्या दिवशी बघतो तर सगळ्या शेतकऱ्यांचा नंबर एकच, २१४७४८३६४७! इंटमध्ये त्यापुढचा आकडा मावतच नाही, आणि तेव्हाचं मायएसक्यूएल गुपचूप तेवढाच ठेवून घ्यायचं. (मायएसक्यूएल ५.७ पासून निदान एरर तरी येते.) नंबर व्हारकॅरमध्ये, म्हणजे मजकुराच्या कॉलममध्ये टाक. सोयाबीनच्या पट्टीची रक्कम डेसिमलमध्ये, तिथं पैसे अचूक राहतात. पैशाला फ्लोट (अंदाजे दशांश ठेवणारा प्रकार) कधीच नाही.

नवी पोरं हमखास चुकतात ते इथं:

- फॉर्ममधून आलेलं थेट क्वेरीत (डेटाबेसला द्यायच्या आदेशात) चिकटवतात, मग कोणीही त्यात आपला आदेश घुसवू शकतो. पीडीओचं (पीएचपीतून डेटाबेसशी बोलायची सोय) प्रिपेअर वापर, ते आदेश आणि माहिती वेगळी ठेवतं. जुन्या व्हिडिओत मायएसक्यूएल_क्वेरी हे जुनं फंक्शन दिसलं की व्हिडिओ बंद कर. २०१५ मध्ये पीएचपी ७ आलं तेव्हाच ते काढून टाकलंय.
- पासवर्ड एमडी५ (सहज फुटणारी जुनी पद्धत) करून ठेवतात. त्यासाठी पीएचपीचं पासवर्ड_हॅश फंक्शन आहे ना!
- व्हेअर (कोणत्या ओळी ही अट) न लावता अपडेट मारतात, मग सगळ्याच ओळी बदलतात. मीही मारलंय. आधी तीच अट सिलेक्टला लावून किती ओळी येतात ते बघ.

कॅरसेट (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ८एमबी४ ठेव, नाहीतर मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं.

इंडेक्स, कॅश वगैरे वेग वाढवायच्या गोष्टी नंतर बघू. अडलास तर एररचा पूर्ण मजकूर टाक, नुसतं "चालंना" म्हणू नको.