मुक्कामाला भेटा

सोलापूर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझे चार पानी पत्र दोनदा वाचले. पहिल्या वाचनात हसू आले, दुसऱ्यात राग आला. कोजागरीच्या रात्री रूपाभवानीच्या देवळापासून दोघे हातात हात घालून निघालात, तामलवाडी येईपर्यंत भांडण पेटले, जावईबापू तीनदा पुढे जाऊन तीनदा तुला न्यायला मागे आले, तिसऱ्या खेपेला भर रस्त्यात "तुला जमणार आहे का हे?" असे विचारून मोकळे झाले, आणि ४५ किलोमीटर चालून तुळजापूर गाठल्यावरही दोघांनी कळसाला लांबूनच हात जोडून परतीची एसटी धरली. त्या रात्रीचा विषय अजून घरात निघत नाही, असे तू लिहितेस. आता आषाढीला आळंदीपासून पायी जायचे मनात आहे, तर यंदा एकटीने जावे की दोघांचा वेग जुळेपर्यंत वर्षभर थांबावे, हा तुझा प्रश्न.

वेग जुळत नसतो. चाळीस वर्षांच्या संसारात आमचा कधी जुळला नाही, जिना चढण्यातही नाही आणि भाजी निवडण्यातही नाही. तेव्हा थांबायचे असेल तर दुसरे काही कारण शोध, हे कारण मी ऐकून घेणार नाही. माझे म्हणणे एका वाक्यात सांगते आणि पुढे पत्रभर तेच सांगत राहणार आहे, कारण तू वर्गात असतानाही एकदा सांगितलेले तुला कधी पुरत नसे: दिवसा एकमेकांना सोडा, मुक्कामाला भेटा.

तू विचारशील की मग नवरा-बायकोने मिळून जाण्याला अर्थ काय उरला. दिंडी कशी चालते ते नीट पाहिलेस तर हा प्रश्न पडणार नाही. पुढे पताका, त्यामागे टाळकऱ्यांच्या रांगा, मध्ये मृदंग, मग वीणा, आणि वीणेच्या मागे तुळस आणि हंडा डोक्यावर घेतलेल्या बायका. हा क्रम हौसेने लावलेला नाही. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या पालखी सोहळ्याला शिस्त घालून दिली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर फौजेची चाल होती, कारण ते स्वतः शिंद्यांच्या पदरी राहिलेले गृहस्थ होते. त्या शिस्तीत तुझ्या नवऱ्याची जागा टाळकऱ्यांत आहे आणि तुझी तुळशीच्या रांगेत, मध्ये शंभर पावलांचे अंतर, आणि भजनाची चाल मात्र दोघांच्या कानी एकच. तंबूसुद्धा बायकांचा वेगळा आणि पुरुषांचा वेगळा. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे २५० किलोमीटर आणि १८-१९ दिवस एकमेकांचा हात धरून चालायचे, ही कल्पना तुम्हा मुलांची आहे, वारीची नव्हे.

आणि माझीही होती, म्हणून तर राग आला.

माझी पहिली वारी १९९४ची. शाळेची बिनपगारी रजा घेतली होती, आणि हे सूतगिरणीत हिशेबनीस असल्याने यांना रजा मिळवताना माझ्याहून जास्त नाक घासावे लागले होते. त्या वर्षी आळंदीपासून मी यांच्या उजव्या हाताला चिकटून चालले. माझ्या पिशवीत यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, यांचा पंचा, यांच्या चष्म्याचे घर, आणि माझे स्वतःचे म्हणावे असे फक्त एक फणी. पुणे ते सासवड ही वाटेतली सर्वांत मोठी मजल, सुमारे ३० किलोमीटरांची, आणि ती नेमकी ज्येष्ठ वद्य एकादशीला, म्हणजे उपाशी पोटी. दिवे घाटाच्या वळणांवर वरपासून खालपर्यंत पताका लागलेल्या असतात, वर पोहोचून मागे पाहावे तर सगळी वारी एका दृष्टीत मावते, असे लोक सांगतात. मी मागे पाहिले नाही. यांच्या डाव्या चपलेचा अंगठा सुटत आला होता आणि तो कुठल्या वळणावर तुटणार या काळजीत मी सगळा घाट त्या टाचेकडे बघत चढले. आजही कोणी दिवे घाटाचे नाव काढले की मला ती चप्पलच दिसते. यांचेही तसेच झाले. मी मागे पडेन म्हणून ते टाळकऱ्यांच्या रांगेत उभे राहिलेच नाहीत, आणि घरून कौतुकाने नेलेले टाळ वाखरीपर्यंत पिशवीतच राहिले. पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटात बसल्यावर हे म्हणाले, "बरे झाले, दोघे बरोबर होतो." मी हो म्हणाले. दोघेही खोटे बोललो होतो, हे एकमेकांना कबूल करायला आणखी दोन वर्षे गेली.

काळजीच्या नावाखाली माणूस दुसऱ्याची वाट खातो. तुझा नवरा तीनदा मागे आला, त्यात त्याचे प्रेम होते हे मला मान्य आहे, आणि तू त्याला मनगटावरच्या घड्याळात किलोमीटर मोजणारा म्हणून इतकी नावे ठेवू नयेस. पण मागे येणाऱ्या माणसाने मागच्याला लाजवले की मागचा स्वतःच्या पावलाने चालायचे विसरतो. तो पुढे गेला असता, तामलवाडीला चहा पिऊन निवांत बसला असता, आणि तू अर्ध्या तासाने रमतगमत, वाटेत भेटलेल्या कर्नाटकातल्या बायकांची गाणी ऐकत तिथे आली असतीस, तर त्या रात्री बिघडण्यासारखे काय होते? त्यालाही पत्र लिहीन म्हणते. तूर्त तू सांग.

आता थोडे व्यवहाराचे. नवीन बूट घेऊन निघू नकोस, आजपासून जे पायात आहे तेच पायात ठेव. पावसाचा प्लास्टिकचा कागद दोघांना दोन घे; एका कागदाखाली दोघे हे सिनेमात दिसायला बरे असते, वारीत दोघेही भिजतात. बायकांची आंघोळ पहाटे तीनला टँकरच्या पाण्यावर उरकते, तेव्हा झोपेचा हिशेब त्याप्रमाणे लाव. आमच्या वेळी आडोशासाठी अंधाराची वाट पाहावी लागे, आता वाटेवर फिरती शौचालये असतात, तरीही पाळीच्या दिवसांचा विचार आधी करून ठेव आणि त्यात लाजू नकोस, तंबूतल्या आजीबाईंना सगळे ठाऊक असते. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मात्र सोलापूरकराने विसरू नये. दिंडीत दोन वेळचे जेवण मिळते, पण दुपारच्या विसाव्याला पोटात कावळे ओरडू लागले की मालदांडी ज्वारीची ती कडक भाकरी हाताने मोडून खाण्यासारखे सुख नाही, आणि ती १८ दिवस काय, महिनाभरसुद्धा टिकते. तिचीही गाठोडी दोन कर. माझे हे दोन-दोन ऐकून तुला हसू येत असेल, तर येऊ दे.

भांडण होईल का? होईल. त्यालाही वारीत जागा आहे. मुक्कामाच्या तळावर रात्री समाजआरती होते, तेव्हा चोपदाराने दंड उंचावला की एवढा मोठा समाज एका क्षणात शांत होतो. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती दिंडी टाळ वाजवायचे थांबवत नाही. सगळा तळ गप्प आणि एकाच दिंडीचे टाळ चालू. मग चोपदार तिथवर जातात, तक्रार ऐकून घेतात, तोडगा सांगतात आणि टाळ थांबतात. हरवले-सापडलेलेही तिथेच पुकारतात. हे पहिल्यांदा पाहिले त्या रात्री मी यांना म्हणाले की आपणही असेच करू: दिवसभराचे जे काही असेल ते समाजआरतीनंतर, एकदाच, उभ्याउभ्याने सांगायचे, आणि सकाळी चालताना त्यातले काही तोंडातून काढायचे नाही. १९९६पासून आम्ही हे पाळले. घरीही पाळायचा प्रयत्न केला, तिथे जमले नाही.

आता जे सांगणार आहे ते तुझ्या आईने तुला सांगितले असेलच, कारण आमच्या गल्लीत ते सर्वांना माहीत आहे. पण तिने सांगितलेले माझ्या नणंदेकडून आलेले असणार, म्हणून माझ्याकडूनही ऐक.

१९९७ साली बरडहून नातेपुत्याला निघालो होतो. धर्मपुरीपाशी आपला सोलापूर जिल्हा लागतो, आणि त्या वर्षी पावसाने दडी मारल्याने ऊन चैत्रासारखे होते. पहिल्यांदाच माझ्या डोक्यावर तुळस होती. आमच्या दिंडीत तुळस जमिनीला टेकवत नाहीत, एकीच्या डोक्यावरून दुसरीच्या डोक्यावर देतात. हे पुढे टाळकऱ्यांत होते. एक मुलगा धावत आला आणि म्हणाला, "बाई, तुमचे मालक मागे बसलेत, त्यांना चक्कर आली." मी विचारले, जवळ कोणी आहे का? तो म्हणाला, दुसऱ्या दिंडीतले लोक आहेत, साखर-मिठाचे पाणी पाजताहेत. मी थोडा वेळ थांबले. मागून रांग येऊन भिडली. आणि मी पुढे चालू लागले.

नातेपुत्याच्या तळावर संध्याकाळी पोहोचले तेव्हा हे ट्रकजवळ पोत्यावर पडलेले होते, कपाळावर ओला पंचा, ओठ पांढरेफटक. मला पाहून विचारले, "तुळस कोणाकडे दिलीस?" एवढेच. दोन दिवस ट्रकमधून आले आणि वेळापूरपासून पुन्हा चालले. घरी परतल्यावर नणंद दहा माणसांत म्हणाली की नवरा वाटेत पडला आणि ही तुळस मिरवत पुढे गेली. ते वाक्य त्यानंतर प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला माझ्या आधी पोहोचत आले आहे.

मी चुकले नाही. माझ्या जागी हे असते आणि मी पडले असते, आणि हे टाळ वाजवत पुढे गेले असते, तर लोकांनी त्याला भक्ती म्हटले असते. पुरुष पुढे गेला तर तो वारकरी आणि बाई पुढे गेली तर ती निष्ठुर, हे मापच खोटे आहे. मी मागे फिरले असते तर काय केले असते? पाणी पाजायला माणसे होती, वाहन मिळणार होते, मी फक्त रडले असते आणि यांना माझीच समजूत काढावी लागली असती. वारीत पडलेल्या माणसाला जो जवळ असेल तो उचलतो, म्हणून तर तिथे सगळे एकमेकांना माउली म्हणतात. नवऱ्याची काळजी लोकांवर सोपवणे म्हणजे त्याला टाकणे नव्हे. हे मी नणंदेला सांगितले, मुलाला सांगितले, आता तुला सांगते आहे.

मात्र तो मुलगा आला तेव्हा मी जो थोडा वेळ थांबले होते, तो किती होता हे मला आजतागायत ठरवता आलेले नाही. कधी वाटते चार श्वास, कधी वाटते अर्धा तास. यांना मी एकदाच विचारले होते, तुम्हाला काय वाटले होते म्हणून. ते म्हणाले, "मला वाटले तू येशील, आणि नाही आलीस तेव्हा बरे वाटले." यातल्या कोणत्या अर्ध्या वाक्यावर विश्वास ठेवावा, तेही मला कळलेले नाही. पुढच्या वर्षी आम्ही दोघे पुन्हा त्याच दिंडीत, त्याच रांगांत होतो. २०१९पर्यंत यांच्यासोबत माझ्या अठरा वाऱ्या झाल्या. नंतरची दोन वर्षे पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, आणि वारी पुन्हा पायी निघाली तोवर हे राहिले नव्हते. तेव्हा माझा हट्ट म्हणजे घरात बसून सुचलेला विचार आहे, असे समजू नकोस.

आणि पंढरपुरात तरी काय आहे ते बघ. विठोबा गाभाऱ्यात एकटा, कमरेवर हात ठेवून उभा. रखुमाई त्याच आवारात, पण तिचे देऊळ वेगळे, तिची रांग वेगळी. ती रुसून दिंडीरवनात आली आणि देव तिला शोधत आला, ही कथा तुला माहीत आहे. म्हणजे देवालाही तिचा हात धरून येता आले नाही; ती आपल्या पावलांनी आली, तो आपल्या पावलांनी आला, आणि भेट पंढरीला झाली.

आषाढीच्या पहाटे शासकीय महापूजेला मुख्यमंत्र्यांबरोबर दर्शनरांगेतल्या एका वारकरी जोडप्याला बसायचा मान मिळतो आणि वर एसटीचा वर्षभराचा मोफत पासही, हे जावईबापूंच्या कानावर गेले असल्याचे तू लिहिले आहेस. खरे आहे. त्यासाठी मात्र दोघांनी एकाच रांगेत तासन्‌तास शेजारी उभे राहावे लागते. तेवढा अपवाद मी तुम्हाला करू देते, कारण रांगेत पुढे पळता येत नाही. नाही जमले तर कळसाचे दर्शन घेऊन या. निम्मी वारी तेच करून घरी परतते.

आमच्या दिंडीत दोन जागा आहेत, दिंडीप्रमुखांशी माझे बोलणे झाले आहे. यांचे टाळ माझ्याकडे आहेत, दोरी कुजली आहे, ती बदलून घ्यावी लागेल. जावईबापूंना चालतील का ते विचार. तुळस तुला पहिल्या दिवशी कोणी देणार नाही, लोणंदच्या पुढे कोणीतरी आपणहून देईल. भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, ज्येष्ठ लागण्याआधी भरायची असते. एकट्याने दोघांची भरू नका, आणि पावत्या दोन वेगवेगळ्या घ्या.

तुझ्या,
बाई