बाहेरचा डीएनए पेशीत घालायला विजेचा झटका देतात (इलेक्ट्रोपोरेशन). त्याने पेशीला भोकं पडतात, मग ती मरत कशी नाही?

पडतात, पण झटका बेताचा असेल तर बुजतातही. पेशीपटल जेमतेम 5 नॅनोमीटर जाड. त्यावर साधारण 1 व्होल्टचा ताण आला की मेदाचे रेणू सरकून पाण्याने भरलेली छिद्रं होतात. ती मिटायच्या आत डीएनए आत शिरतो. ताण फार झाला तर छिद्रं मिटत नाहीत, आतलं सगळं गळतं, पेशी मरते.

सांगलीत एमएस्सीला ई. कोलाय या जिवाणूला आम्ही क्युव्हेटमध्ये (धातूच्या दोन पट्ट्यांत 1 मिलिमीटर फट असलेली छोटी कुपी) 1800 व्होल्ट द्यायचो, सुमारे 5 मिलिसेकंद. डीएनएत मीठ राहिलं की ‘टक्’, ठिणगी, दिवसभराची मेहनत पाण्यात! झटक्यानंतर लगेच पोषक माध्यम घाला, मिनिटभरही थांबू नका.